पोटात दुखण्याचे दोन प्रकार

(शिकाऊ गाडी. स्टिअरिंगवर शाळेतल्या इंग्रजीच्या बाई. शेजारच्या सीटवर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. मास्तरांच्या पायाखाली एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच.)

मास्तर : ...ते सांगा तुम्ही सावकाश, पण आधी क्लच सोडा. हळू. हळू, हळू, हळू—

बाई : सोडला.

मास्तर : हा सोडला नाही, बाई. हा टाकून दिला. बंद पडली बघा गाडी.

बाई : तुम्ही मधेच प्रश्न विचारता आणि मग माझा डावा पाय विचारात पडतो. चावी फिरवू?

मास्तर : आधी न्यूट्रल.

बाई : न्यूट्रल. हं. आता विचारा, काय विचारत होता ते.

मास्तर : तेच. जेलस आणि एन्व्ही. दोन्हीत फरक काय? की एकच औषध, दोन बाटल्या?

बाई : सकाळी सकाळी? लोक मला फार तर स्पेलिंग विचारतात.

मास्तर : घरात निकाल लागायचाय, म्हणून. काल जेवताना लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही जेलस आहात." त्यावर बायको म्हणाली, "जेलस नाही गं, याला एन्व्ही म्हणतात." मग दोघी माझ्यासमोर बसून माझ्याच रोगाचं नाव ठरवायला लागल्या. पेशंट मी, आणि मलाच कुणी विचारेना.

बाई : मग तुम्ही काय म्हणालात?

मास्तर : म्हणालो, मला यातलं काहीएक झालेलं नाही. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बाई : म्हणजे दोन्हींपैकी एक नक्की झालंय.

मास्तर : पहिला गिअर. उजवा आरसा बघा. कुणी नाही ना? आता निघा. वा! निघाली की. बोला आता, सरळ रस्ता आहे.

बाई : मला एका वेळी एकच काम येतं, हो. बरं. एन्व्ही म्हणजे हेवा. दुसऱ्याकडे काहीतरी आहे आणि ते आपल्याला हवंय. आता आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. स्वतःची गाडी चालवत येतात, फाटकाशी उतरतात, काळा चष्मा डोक्यावर सरकवतात. त्याच वेळी मी बसमधून उतरत असते. वेणी एकीकडे, पिशवी एकीकडे, आणि पिशवीतल्या वह्या तिसरीकडेच. मला ती गाडी हवी. तो चष्मा हवा. आणि खरं सांगू का, तिला तो चष्मा शोभतो ना, ते मला बघवत नाही. हा झाला हेवा. स्वच्छ, शुद्ध, भेसळ नसलेला.

मास्तर : म्हणून तुम्ही या वयात गाडी शिकताय?

बाई : मुख्याध्यापकांना मी सांगितलंय की स्वावलंबनासाठी.

मास्तर : दुसरा टाका.

बाई : दुसरं कारण नाही हो, एवढंच आहे.

मास्तर : दुसरा गिअर, बाई.

बाई : हां. टाकला. आता जेलस. त्याला तिसरं माणूस लागतं. हेव्यात दोघंच असतात, मी आणि ती चष्मेवाली. जेलसीत एक मी, एक माझं माणूस, आणि एक ते माणूस घेऊन जाणारा. जे आपलं आहे ते दुसरा नेईल, ही धास्ती. हेव्यात हात रिकामा असतो, जेलसीत मूठ आवळलेली असते.

मास्तर : आणि मराठीत काय म्हणायचं तिला? मत्सर?

बाई : मराठीत हेवा, मत्सर, असूया हे सगळं शब्दकोशवाल्यांनी एका पिशवीत भरून वर गाठ मारलीय. आणि आमची पोरं तर कशालाही जेलसच म्हणतात. कुणी नवी पेन्सिल आणली, जेलस. कुणाला घाम कमी आला, जेलस.

मास्तर : आमच्याकडे साधा शब्द आहे. पोटात दुखतं.

बाई : ते खरंच. पण डॉक्टर विचारतात ना, नेमकं कुठं दुखतं?

मास्तर : तर मग माझं हेव्याच्याच बाजूला दुखतंय. बायको बरोबर. सोपं झालं.

बाई : कुणाचा हेवा, ते तरी सांगा.

मास्तर : धाकट्या भावाचा. गेल्या वर्षापर्यंत तो याच गाडीत, याच सीटवर बसून शिकवायचा. मग म्हणाला, "दादा, मला स्वतःचं काढायचंय." म्हटलं, काढ बाबा. मला वाटलं, काढेल एखादी टपरी. त्यानं काढलं ते काचेचं! आख्खी भिंत काचेची. नव्या गाड्या. एक खोटी गाडी पण आहे, टीव्हीसमोर ठेवलेली. तीत बसून तुम्ही कितीही ठोका, कुणी मरत नाही. आत गारवा. आणि गेल्या गेल्या पाणी विचारतात म्हणे.

बाई : आणि तुमच्याकडे?

मास्तर : माझ्याकडे शटर आहे, ते निम्म्यावर अडकतं. लोक वाकून आत येतात. मी म्हणतो, इथं पहिल्या दिवसापासून नम्रपणा शिकवतात.

बाई : भांडण झालं का तुमचं?

मास्तर : भांडण कसलं? भांडायला बोलावं लागतं. अबोला आहे. स्वस्तात पडतो. पुढं सिग्नल आहे, बाई, लाल आहे, लाल—

बाई : दिसतोय मला. हे बघा. थांबले की नाही? अगदी रेषेवर! चाक रेषेवर! ही गोष्ट विज्ञानाच्या बाईंना सांगितली पाहिजे.

मास्तर : छान.

बाई : तुमचं "छान" इतकं मेलेलं का?

मास्तर : बाई, रागावणार नसाल तर एक सांगू? ही गाडी मी थांबवली.

बाई : म्हणजे?

मास्तर : माझ्याही पायाखाली ब्रेक आहे ना. सुरक्षेसाठी असतो तो. मी दाबला.

बाई : आणि मागच्या सिग्नलला?

मास्तर : मीच.

बाई : परवा त्या सायकलवाल्यापाशी?

मास्तर : तिथं दोघांनी दाबला. पण मी आधी.

बाई : म्हणजे इतके दिवस मी या गाडीत करत काय होते?

मास्तर : तुम्ही सोबतीला होता.

बाई : अरे देवा! आणि मी स्टाफरूममध्ये सांगत सुटले की माझं ब्रेकिंग फार मऊ आहे!

मास्तर : मऊ आहेच. माझं. काय करू, सवय लागलीय पायाला. घरी सोफ्यावर बसून बातम्या बघतो आणि पडद्यावर गाडी आली की पाय आपोआप जमिनीत जातो. बायको म्हणते, खालच्या मजल्यावर उतराल एक दिवस. हिरवा झाला, निघा.

बाई : तुमच्या मुलीनं नव्हता दाबला.

मास्तर : काय?

बाई : तुम्ही तापानं पडला होता, त्या दिवशी ती आली होती माझ्याबरोबर. बसल्या बसल्या चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली.

मास्तर : मांडी? माझ्या गाडीत?

बाई : व्यवस्थित. हात मांडीवर. समोरून ट्रक वळला, मी किंचाळले, "अगं, ब्रेक दाब, ब्रेक दाब!" तर म्हणते कशी, "बाई, तुमच्याकडे पण आहे, दाबा की." आणि दाबला मी! गाडी थांबली, माझं काळीज थांबलं, सगळं थांबलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ब्रेक नावाची वस्तू माझ्याही पायाखाली आहे. मला वाटलं, तुम्हीच शिकवलं असेल तिला तसं.

मास्तर : मी? मी ब्रेकवरून पायाची बोटं उचलायलाही कुणाला शिकवत नाही. तिनं मला सांगितलं नाही हे.

बाई : सांगितलं असतं तर?

मास्तर : ओरडलो असतो.

बाई : म्हणूनच नसेल सांगितलं. तिला जास्त विद्यार्थी का देत नाही तुम्ही?

मास्तर : लोक मला मागतात.

बाई : कोण मागतं?

मास्तर : लोक... म्हणजे, लोक मला मागतात असं मी तिला सांगतो.

बाई : मग ती करते काय दिवसभर?

मास्तर : फोन घेते. वेळा लावून देते. कागदपत्रं बघते. शटर अडकलं की खालून ढकलते. शिकवायचा परवाना आहे तिच्याकडे, माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी मिळवलाय. मीच म्हणायचो, घाई काय, आपलंच आहे सगळं. आता धाकटा तिला बोलावतोय. स्वतंत्र गाडी देणार, स्वतंत्र विद्यार्थी देणार. काल तिनं ते ताटावर सांगितलं आणि त्यावरून हे सगळं निघालं. जेलस आणि एन्व्ही.

बाई : असं होय! हे आधी नाही सांगितलंत. तुम्ही मला काच सांगितलीत.

मास्तर : काच पण आहे ना.

बाई : मग ती जाणार आहे?

मास्तर : तिला जायचंय. पण धाकटा म्हणतो, दादानं स्वतः तोंडानं सांगितल्याशिवाय घेणार नाही. आजच्या आज काय ते सांगा म्हणतो, नाहीतर तो बाहेरची बाई नेमणार. त्याला नवी गाडी रिकामी ठेवून कशी चालेल? लेक सकाळीच त्याच्याकडे गेलीय. म्हणाली, "बाबा, फोन करा, हो किंवा नाही, काहीही. पण बोला." मी बूट घातले आणि तुमच्याकडे आलो.

बाई : न बोलता?

मास्तर : किल्ली कुठाय, एवढं विचारलं.

बाई : मास्तर, मी तुम्हाला दोन प्रश्न विचारते. परीक्षेतले समजा. उत्तर एका वाक्यात. समजा, तुमच्या भावानं आज सगळं तुमच्या नावावर करून दिलं. गाड्या, काच, गारवा, ते टीव्हीचं खेळणं, पाणी विचारणारा माणूससुद्धा. आणि लेक मात्र त्याच्याबरोबर गेली. पोट दुखायचं थांबेल?

मास्तर : पुढं गतिरोधक आहे.

बाई : मी प्रश्न विचारलाय.

मास्तर : उत्तरच देतोय, जरा वेळ लागतो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर या. हं. नाही थांबणार.

बाई : आता उलटं. त्याच्याकडे सगळं तसंच राहिलं, वर आणखी गाड्या आल्या. पण लेक तुमच्या शटरखाली राहिली. मग?

मास्तर : मग त्यानं विमान घ्यावं की. मी स्वतः जाऊन टाळ्या वाजवीन.

बाई : झालं तर. निकाल तुम्हीच लावा.

मास्तर : लेक पास. बायको नापास.

बाई : आणि तुम्ही?

मास्तर : मी काय, मी प्रश्नपत्रिका. दोघींनी सोडवली. च्यायला! माफ करा. पण एवढा मोठा माणूस मी, रस्त्यावर लोक "मास्तर, मास्तर" करतात, आणि आपल्याला नेमकं काय होतंय ते शिकवणीच्या तासात शिकाऊ बाईंनी सांगायचं!

बाई : फी वळती करून घ्या.

मास्तर : पण बाई, हे बरंच झालं एका अर्थी. हेवा म्हणजे कोतेपणा, तो वाईट. जेलसी म्हणजे माया. धास्ती कुणाची वाटते? ज्याच्यावर जीव आहे त्याची. मग मी तिला सरळ सांगतो की, बयो, हे बघ, इंग्रजीच्या बाईंनी तपासून दिलंय, माझी माया आहे. तेव्हा तू राहा.

बाई : तुम्ही शब्दाचा अर्थ विचारलात, तो मी दिला. परवानगीचं पत्र नाही दिलं.

मास्तर : अहो, पण दुखतंय ना मला.

बाई : दुखतंय तुम्हाला, औषध तिनं का घ्यायचं?

मास्तर : आरसा बघा.

बाई : बघितला. आरशात कुणी नाही.

मास्तर : एकटं वाटेल हो मला. त्या गाडीतून या गाडीत, दिवसभर अनोळखी माणसं. दुपारी वाकून आत शिरलं की ती दिसते. फोनवर कुणाला तरी रागावत असते. तेवढ्यानं बरं वाटतं. आता हे मी तिला कधी सांगितलंय का? तर नाही. मी तिला सांगितलंय ते एवढंच, की फाईल जागेवर ठेव. चौक आला. डावीकडे घ्या.

बाई : नेहमी डावीकडेच का?

मास्तर : डावीकडे रस्ता चांगला आहे.

बाई : परीक्षेत उजवीकडे घ्यायला लावतात. मी दोनदा नापास झाले ती तिथंच. उजवं वळण, लगेच चढ, आणि समोर ती काचेची इमारत, सूर्य थेट डोळ्यात. काचेची... मास्तर.

मास्तर : हं.

बाई : ते काचेचं तुमच्या भावाचं आहे?

मास्तर : इंडिकेटर द्या, मागे लोक आहेत.

बाई : तुम्ही वर्षभर या रस्त्यानं गेला नाहीत?

मास्तर : काम पडलं नाही.

बाई : तुमच्या अबोल्यापायी मी दोनदा नापास झाले?

मास्तर : एकट्या तुम्ही नाही, बाई. यंदा माझी बरीच मंडळी त्याच वळणाला अडकली. मला वाटलं, परीक्षकच कडक झालेत.

बाई : परीक्षक!

मास्तर : आता सांगूनच टाकतो. या गावात माझे विद्यार्थी लांबून ओळखू येतात. उजवीकडे जायचं असलं तरी ते तीनदा डावीकडे वळतात.

बाई : आणि नापास झाल्यावर कुठं जातात ते?

मास्तर : त्याच्याकडे. तो त्यांना ते वळण शिकवतो, आणि ते पास होतात.

बाई : म्हणजे भावाला गिऱ्हाईक तुम्हीच पुरवलंत! त्याची काच तुम्हीच बसवून दिलीत!

मास्तर : असं एकदम जोडून बघितलं नव्हतं मी. हसू नका, बाई. स्टिअरिंग हलतंय.

बाई : उजवीकडचा इंडिकेटर वर की खाली?

मास्तर : नको, बाई.

बाई : वर की खाली?

मास्तर : आज नको. उद्या तुम्हाला दुसरीकडे एखादा चढ दाखवतो, त्याहून छान.

बाई : पाय वर घ्या.

मास्तर : काय?

बाई : मांडी घाला, मास्तर.

मास्तर : या वयात? या सीटवर? गुडघे—

बाई : घालता, की मी डोळे मिटू?

मास्तर : घालतो, घालतो! थांबा, बूट... एक पाय... हं. झाली. बाई, मला कुठल्याही गाडीत इतकी भीती वाटलेली नाही.

बाई : मलाही. वळले मी. वळले! बघा, वळले! आता चढ. पहिला गिअर? दुसरा? अहो, बोला ना!

मास्तर : मला सुचत नाहीये, माझा पाय लागतो सुचायला!

बाई : बंद पडली.

मास्तर : बरोब्बर दारासमोर. दुसरी जागाच नव्हती सगळ्या गावात.

बाई : मागचे हॉर्न वाजवताहेत. किती जण आहेत?

मास्तर : बघू नका. मीही बघत नाही. काचेतून आतले सगळे मात्र आपल्याकडे बघताहेत. ती उठली. आली बाहेर.

लेक : बाई? तुम्ही? आणि बाबा... बाबा, तुम्ही मांडी घालून बसलात?

मास्तर : पाय अडकलाय.

लेक : असू दे. बाई, माझ्याकडे बघा. मागच्यांना वाजवू देत, त्यांचाच हॉर्न झिजतोय. हँडब्रेक ओढलात? छान. आता चालू करा. क्लच दाबून पहिला. थोडा गॅस. आता क्लच अर्धा सोडा आणि तिथंच थांबा. गाडी थरथरली?

बाई : थरथरली.

लेक : म्हणजे ती तयार आहे. हँडब्रेक सोडा. मागे नाही येणार, मी उभी आहे ना. बस्स. आता पुढं, त्या झाडापाशी कडेला घ्या.

बाई : आले! चढावर आले! मास्तर, हे मी केलं ना? खरं सांगा.

मास्तर : तुम्हीच. माझे दोन्ही पाय माझ्याच खाली आहेत.

लेक : बाबा, तुम्ही फोन करणार होता. एकदम आलात.

मास्तर : मी आलो नाही. मला आणलं. निकाल लागलाय. तू बरोबर होतीस.

लेक : कशात?

मास्तर : जेलस. बाईंनी दोन प्रश्न घातले आणि पकडलं मला. आईला तू सांग, मी सांगितलं तर तिला पटायचं नाही.

लेक : बाबा, मी रागानं बोलले होते. मला निकाल नको होता.

मास्तर : रागानं बोललीस तरी अर्थ बरोबर लावलास. हे बघ, एक बोलू? बाई तुला देतो. संध्याकाळची ती नवरा-बायकोची जोडी पण घे. निम्मे विद्यार्थी घे. मांडी घालून शिकव, मी काही बोलणार नाही. फार तर एकदा बोलेन.

लेक : हे काल का नाही म्हणालात?

मास्तर : काल म्हणालो असतो तर राहिली असतीस?

लेक : नसते राहिले. पण मला किती बरं वाटलं असतं, बाबा.

मास्तर : हं. मग आज वाटून घे. शिळं असलं तरी.

लेक : वाटतंय. खरंच वाटतंय. पण मला जायचंय. तुमच्याकडे मी कायम तुमची मुलगीच असते. लोक पत्ता विचारतात तसं मला विचारतात, मास्तर कुठायत? मला बघायचंय, कुणी मला मागतं का.

मास्तर : मागतील. ट्रकसमोर मांडी घालून बसतेस तू.

लेक : बाईंनी सांगितलं होय!

बाई : मी गाडी चालवते आहे, माझं लक्ष नाही.

लेक : गाडी बंद आहे, बाई.

मास्तर : बोलाव त्याला. धाकट्याला.

लेक : तो केव्हाचा दारातच उभा आहे. यायला घाबरतोय. काका, ये ना!

धाकटा : दादा. आत ये की. पाणी घे.

मास्तर : पाणी विचारता तुम्ही, ऐकलंय मी. नको. उतरलो तर पाय मोकळे व्हायला दुपार होईल. इथूनच बोलतो. हिला घे.

धाकटा : मनापासून सांगतोयस ना? मला नंतर तुझा अबोला नकोय, दादा. एक वर्ष काढलं, पुरे झालं. मला जड गेलं ते.

मास्तर : मनापासून नाही. खोटं कशाला बोलू? मन माझं अजून चौकातच उभं आहे. पण तोंडानं सांगतोय, शुद्धीत सांगतोय, आणि बाई साक्षीला आहेत. तेवढ्यावर भागव.

धाकटा : भागवतो.

लेक : बाबा—

मास्तर : थांब, तू नको मधे बोलूस. हे तुझ्याबद्दल आहे, तुझ्याशी नाही. ऐक रे. सकाळचे पहिले दोन तास झाले की हिला काहीतरी खायला दे. स्वतःहून मागणार नाही ती. आणि पोटात काही नसलं की ती शिकवत नाही, खेकसते. समोरच्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

धाकटा : ठाऊक आहे मला. थेट तुझ्यासारखी आहे.

मास्तर : हो. तेवढं राहू दे माझं.